उघड्यावरची गाडी आणि कोरडे फडके

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारगाडीच्या रंगाची निगा कशी राखावी, यावर आपल्या पुरवणीत गेल्या आठवड्यात एक लेख प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गाडीवर छप्पर नाही अशा वाचकांचा विचार झाला, याबद्दल प्रथम आभार मानतो. एरवी या विषयावरचे सल्ले ‘गाडी सावलीत लावा’ या वाक्यापाशी सुरू होऊन तिथेच संपतात, आणि ज्याला सावली मिळाली असती त्याने हा प्रश्न विचारलाच नसता. मात्र लेखात तीन सल्ले ठळकपणे दिले आहेत. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसावी, चमक उतरली की पॉलिश करून घ्यावे आणि गाडीवर कायम कव्हर घालून ठेवावे, हे ते तीन सल्ले. ते जसेच्या तसे पाळले तर ऊन-पावसाने होणार नाही एवढे रंगाचे नुकसान मालकाच्याच हातून होईल, असे माझे मत आहे, आणि ते मी स्वतःच्या गाडीवर पुरेपूर खर्च करून बनवले आहे. माझी गाडी बारा वर्षे उघड्यावर उभी आहे. त्यांतली पहिली पाच वर्षे मी हे तिन्ही सल्ले मनोभावे पाळले होते.

मुळात आपण ज्याला ‘रंग’ म्हणतो तो एक थर नसतो. कारखान्यात गाडीचा सांगाडा प्रथम एका मोठ्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर चढवला जातो, त्यावर प्रायमर बसतो, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. चकाकी जी दिसते ती या शेवटच्या थराची असते, आणि ऊन, पाऊस, धूळ, पक्षी यांचा सगळा मारा सोसायचा असतो तो त्यालाच. या थराची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर ज्याच्या भरवशावर गाडी वर्षानुवर्षे उन्हात उभी राहते तो थर एका केसाइतकाही जाड नाही. सगळे थर मिळूनही हा हिशेब बहुतेक गाड्यांत १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपासच राहतो.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे क्लिअर कोटमधील रेणूंच्या साखळ्या तोडतात. हे ठाऊक असल्यामुळेच उत्पादक त्या थरात अतिनील किरणे शोषणारी द्रव्ये आणि रेणूंची मोडतोड थोपवणारी स्थिरके मिसळतात. ही द्रव्येही वर्षागणिक झिजत जातात, आणि थर जितका पातळ तितका त्यांचा साठा कमी. हा थर म्हणजे मुद्दल आहे, असे मी आता मानतो. ते गाडीबरोबर एकदाच मिळते, पुढे त्यात भर घालता येत नाही आणि संपले की ते पत्रे पुन्हा रंगवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून रंगाच्या रक्षणाचा कोणताही उपाय सुचवला गेला, की मी एकच प्रश्न विचारतो: यात मुद्दलाला हात लागतो का?

कोरड्या फडक्याने रोज पुसण्यात तो लागतो, आणि सर्वांत जास्त लागतो. रात्रभरात गाडीवर बसणाऱ्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, बारीक कण असतात. खनिजांच्या काठिण्याच्या मोजपट्टीवर क्वार्ट्‌झ ७ वर आहे. साधी काच किंवा चाकूचे पाते त्याच्यापुढे मऊ ठरते, तिथे क्लिअर कोटसारख्या प्लॅस्टिकवर्गीय थराची काय कथा! ही धूळ नुसती बसून असते तोवर ती फारसे काही करत नाही. फडके घेऊन आपण तिच्यावर हात दाबून फिरवतो तेव्हा त्या फडक्याचा पॉलिश पेपर होतो. उपाय आपल्याला जाणवत राहतो, कारण धूळ गेलेली दिसते. अपाय दिसत नाही, कारण एकेक चरा डोळ्यांना जाणवण्यापलीकडे बारीक असतो. तो पाहायचा असेल तर दुपारच्या उन्हात बोनेटवर सूर्याचे जे प्रतिबिंब पडते त्याच्या भोवती निरखून पाहावे. पाच वर्षे पुसलेल्या माझ्या गाडीवर त्या तेजस्वी ठिपक्याभोवती कोळ्याने जाळे विणावे तशी बारीक रेघांची वर्तुळे दिसत होती, आणि डोके थोडे सरकवले की ती वर्तुळेही प्रतिबिंबाबरोबर सरकत होती. मला वाटले, मी फडके गोल फिरवतो म्हणून हे गोल चरे पडले असावेत. तसे नसते. चरे सर्व दिशांनी पडलेले असतात. प्रकाशाच्या दिशेला जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून एकंदर आकार गोल भासतो. तेव्हा ‘गोल नको, सरळ रेषेत पुसा’ असे जे सांगितले जाते त्याने चऱ्यांची दिशा बदलते, संख्या नव्हे.

पिसांचे किंवा धाग्यांचे झाडणेही याला अपवाद नाही. त्याने दाब कमी पडतो एवढेच. समोरची काच, मागची काच आणि आरसे वाहन चालवण्यासाठी स्वच्छ हवेतच; ते जरूर पुसावेत, काच क्लिअर कोटहून पुष्कळ कठीण असल्याने तेवढे सोसते. पण पत्र्यावरची कोरडी धूळ धुण्याच्या दिवसापर्यंत तशीच राहू द्यावी, हा सल्ला कितीही आळशी वाटला तरी रंगाच्या हिताचा आहे. शेजाऱ्यांना तुमची गाडी मळकट दिसेल, हा त्याचा खरा तोटा. मला तो पत्करायला दोन वर्षे लागली.

धुण्याची रीत लेखात एका ओळीत उरकली आहे, वास्तविक रंगाचे आयुष्य तिच्यावर ठरते. गाडी उन्हातून आल्या आल्या धुऊ नये. बोनेटवर तळहात ठेवून पाहावा, तो आरामात टेकत असेल तरच पाणी घ्यावे, नाहीतर साबण पुसण्याआधीच वाळतो आणि त्याचे डाग उरतात. प्रथम नुसत्या पाण्याच्या धारेने सुटी धूळ जितकी वाहून जाईल तितकी वाहू द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा शॅम्पू आणि दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवून एक भाग धुवावा, तो साध्या पाण्यात खळबळून त्यातली माती तळाशी जाऊ द्यावी आणि मगच पुन्हा शॅम्पूच्या बादलीत घालावा. एकच बादली वापरली की पहिल्या दाराची माती आपण उरलेल्या गाडीवर घासत राहतो. क्रम वरून खाली असावा: आधी टप, मग काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, आणि चाकांजवळचा खालचा पट्टा शेवटी, कारण सर्वांत खरखरीत माती तिथेच असते. चाकांसाठी वेगळे फडके ठेवावे आणि ते चुकूनही रंगावर आणू नये, कारण ब्रेकमधून झडणारी धातूची भुकटी त्यात अडकलेली असते. फडके जमिनीवर पडले तर ते त्या दिवसापुरते बाद समजावे. झटकून पुन्हा वापरण्याचा मोह मी एकदा केला आणि डाव्या दारावर त्याची आठवण आजही आहे. भांडी घासण्याचा साबण तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असल्याने तो गाडीवरचे मेणही काढून नेतो, तेव्हा त्याने रोजचे काम करू नये. पाणी वाळण्याच्या आत गाडी मऊ, दाट लव असलेल्या कापडाने टिपून घ्यावी. टिपून म्हणजे कापड पसरून ठेवावे आणि उचलावे, रगडू नये.

आता पॉलिशकडे येतो. बोलीभाषेत पॉलिश आणि वॅक्स हे शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात आणि आपल्या लेखातही तसेच झाले आहे, पण गाडीच्या दृष्टीने हे दोन अगदी उलटे व्यवहार आहेत. वॅक्स वर काहीतरी चढवते. पॉलिश किंवा ज्याला रबिंग म्हणतात ते वरचे काहीतरी खरवडून काढते. चरा दिसेनासा होतो, कारण चऱ्याभोवतीचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत घासून सपाट केला जातो. हलक्या हाताच्या एका पॉलिशमध्ये एक-दोन मायक्रॉन जातात, जाड रबिंगमध्ये त्याहून पुष्कळ अधिक. ते कधीच करू नये असे मी म्हणत नाही. नीट धुऊन, तपासून, गाडीच्या सबंध आयुष्यात मोजक्या वेळा करण्याचे ते काम आहे. पण दर काही महिन्यांनी ‘चमक आणण्यासाठी’ ते करून घेणे म्हणजे मुद्दल मोडून सण साजरे करण्यासारखे आहे.

मी ते केले. गाडी नवीन असताना एका कामगाराच्या यंत्राखालून ती आरशासारखी होऊन बाहेर आली, ते मला इतके आवडले की पुढे प्रत्येक वेळी धूसरपणा आला की मी तिथेच जाऊ लागलो. तिथे कोणी मला थांबवले नाही, आणि त्यांना दोष देण्यापेक्षा मी विचारले नाही हेच खरे. पाचव्या वर्षी टपावर नखाएवढा एक पांढुरका ठिपका दिसला. पाण्याचा डाग समजून मी तो घासला. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच्या कडा उचलल्या गेल्या आणि उन्हाने भाजलेल्या पाठीची कातडी सुटावी तसा पारदर्शक पापुद्रा सुटू लागला. रंगकाम जाणणाऱ्या एकाने जाडी मोजणारे यंत्र टेकवले, तेव्हा दारावर १२२ मायक्रॉन आणि टपावर पापुद्रा शाबूत होता तिथेही ८४ मायक्रॉन असे आकडे आले. हे यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी सांगते, क्लिअर कोट वेगळा दाखवत नाही. पण त्याच गाडीच्या दोन पत्र्यांमधला एवढा फरक मला समजावून सांगण्याची गरज उरली नाही. एकदा असा पापुद्रा सुटला की वॅक्स, पॉलिश, कोटिंग यांपैकी कशानेही तो परत बसत नाही. टप खरवडून नव्याने रंगवावा लागला.

टप, बोनेट आणि डिकी हे आडवे पत्रे दारांच्या आधी का जातात, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. दुपारचे ऊन त्यांच्यावर जवळजवळ सरळ पडते, दव आणि पावसाचे पाणी त्यांच्यावर साचून राहते आणि पक्ष्यांचा प्रसादही त्यांनाच मिळतो. गडद रंगाच्या गाडीचे हे पत्रे उन्हात हात टेकवता येणार नाही इतके तापतात. तेव्हा ज्याच्याकडे वेळ किंवा पैसा थोडाच आहे त्याने सबंध गाडीला सारखी वाटणी करण्याऐवजी या तीन पत्र्यांकडे अधिक लक्ष द्यावे. गाडी रोज एकाच जागी उभी राहत असेल तर तिचे तोंड अधूनमधून फिरवावे, म्हणजे एकच बाजू सतत उन्हाकडे राहणार नाही. दुपारी काही तास एखाद्या भिंतीची सावली मिळत असेल तर ती झाडाच्या सावलीपेक्षा मी पसंत करतो. याचे कारण पुढे येणारच आहे.

पक्ष्यांच्या विष्ठेविषयी लेखात फक्त ‘वेळच्या वेळी पुसावी’ एवढेच म्हटले आहे, आणि दोन्ही शब्दांनी घोटाळा होतो. विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल आणि त्याचे क्षार. पण नुसत्या आम्लाने सगळे होत नाही. ऊन तापले की क्लिअर कोट किंचित मऊ होऊन प्रसरण पावतो, त्याच वेळी विष्ठा वाळून कडक होत असते. संध्याकाळी थर थंड होऊन आकसतो तो त्या कडक खपलीच्या खडबडीत आकाराला धरूनच. परिणामी खपली काढल्यावरही तिच्या आकाराचा एक धूसर, किंचित खोलगट ठसा उरतो, आणि तो घाण नसल्यामुळे कितीही धुतला तरी जात नाही. उन्हाळ्यात हे काही तासांत घडू शकते. म्हणून ‘वेळच्या वेळी’ याचा अर्थ रविवारी असा नव्हे. दिसेल तेव्हा, आणि शक्यतो ऊन चढण्याआधी. ‘पुसावी’ हेही धोक्याचे आहे, कारण त्या खपलीत बिया आणि वाळूचे कण असतात. माझ्या गाडीत एक पाण्याची फवारणी बाटली आणि चार स्वच्छ फडकी कायम असतात. फडके चिंब भिजवून डागावर पाच-दहा मिनिटे पसरून ठेवायचे, खपली विरघळून सैल झाली की ते फडके दाब न देता वर उचलायचे, आणि दुसऱ्या ओल्या फडक्याने उरलेले टिपायचे. एवढ्यात काम होते. नखाने खरवडण्याचा मोह मात्र फार प्रबळ असतो, हे मान्य करतो.

झाडाखाली सावली मिळते, पण तिचे भाडे द्यावे लागते. फांद्यांवर पक्षी बसतात हे उघडच आहे. शिवाय काही झाडांचा चीक ठिबकतो. तो ओला असताना सहज निघतो, मात्र वाळून डिंकासारखा घट्ट झाला की आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला बोळा त्यावर थोडा वेळ धरून त्याला मऊ करावे लागते आणि नंतर तो भाग धुऊन त्यावर पुन्हा वॅक्स लावावे लागते. अनेकांना गाडीवर सकाळी बारीक चिकट ठिपक्यांची पखरण दिसते आणि ती झाडाचा रस समजली जाते. पुष्कळदा ती असते पानांवरच्या मावा किडीने टाकलेल्या गोड स्रावाची. तिच्यावर पुढे काळी बुरशी धरते. कोमट पाणी आणि शॅम्पूने ती पहिल्या एक-दोन दिवसांत निघते. ओली पाने चिकटून राहिली तर त्यांचेही तपकिरी ठसे उमटतात, आणि समोरच्या काचेखालच्या जाळीत ती साचली की पाण्याच्या वाटा तुंबतात. ती हाताने काढून टाकावीत.

कव्हरविषयी माझे मत लेखाच्या अगदी विरुद्ध नाही, पण ‘कायम’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. चांगले कव्हर अतिनील किरणे, विष्ठा आणि चीक या तिन्हींपासून वाचवते, यात शंका नाही. परंतु ते धुळकट गाडीवर घातले, की घालताना आणि काढताना ते कोरड्या फडक्याचेच काम करते, फरक इतकाच की हे फडके सबंध गाडीएवढे असते. वारा असेल तर ते दिवसभर फडफडून तेच काम आपोआप करते, आणि त्याचे परिणाम पहिल्यांदा दिसतात ते टपाच्या कडांवर, आरशांवर आणि बंपरच्या कोपऱ्यांवर. ओल्या गाडीवर घातलेले, हवा न खेळू देणारे कव्हर आतली वाफ कोंडून ठेवते. उन्हात ती वाफ रंगाशीच लागून राहते आणि त्यातून पांढुरके चट्टे किंवा फोड येऊ शकतात. प्लॅस्टिकचा कागद किंवा ताडपत्री यांचा तर विचारही करू नये. माझा नियम असा आहे: गाडी धुतलेली आणि वाळलेली असेल, ती आठवडाभर किंवा त्याहून अधिक हलणार नसेल, कव्हर हवा खेळू देणारे, आतून मऊ अस्तराचे आणि गाडीच्या मापाचे असेल आणि त्याचे पट्टे खालून घट्ट बांधता येत असतील, तरच कव्हर घालावे. रोज बाहेर पडणाऱ्या गाडीला रोज कव्हर घालणे-काढणे मी बंद केले, आणि त्यानंतर नवे चरे पडणे थांबले. कव्हर स्वतःही धुवावे लागते, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानीमनी नसते. गाडी किंवा तिचा एखादा पत्रा नव्याने रंगवला असेल तर त्यावर पहिले काही आठवडे कव्हरही नको आणि वॅक्सही नको, कारण रंगातील द्रावके उडून जायला तेवढा अवधी लागतो.

पाण्याच्या डागांबद्दल एक समजूत सर्वत्र पसरलेली आहे आणि ती लेखातही डोकावली आहे. पाण्याचा थेंब भिंगासारखा वागून रंग जाळतो, अशी ती समजूत. पत्र्यावर बसलेला अर्धगोल थेंब भिंगासारखा असतो खरा, परंतु त्याचा केंद्रबिंदू त्याच्या तळाच्या बराच खाली पडतो. रंग त्या तळालाच चिकटलेला असल्याने तिथे किरणे एकवटलेलीच नसतात. डाग उरतो तो जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचा. पाणी उडून जाते, क्षार जागीच राहतात आणि ऊन त्यांना भाजून पक्के करते. बागेच्या फवाऱ्याच्या टप्प्यात उभ्या राहणाऱ्या गाडीवर हे रोज घडते आणि पावसापेक्षा त्याचे डाग चिवट असतात. ताजे डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून, सावलीत, थोडा वेळ टेकवून आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन निघतात. जुने डाग थरात उतरलेले असले तर पॉलिशवाचून जात नाहीत, म्हणजे पुन्हा मुद्दलाची बाब.

रेल्वेमार्ग, कारखाने किंवा वाहता रस्ता जवळ असेल तर आणखी एक उपद्रव होतो. लोखंडाचे तापलेले अतिसूक्ष्म कण रंगावर येऊन रुततात आणि तिथे गंजतात. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी ठिपक्यांसारखे दिसतात; गडद गाडीवर दिसत नाहीत, पण धुतलेल्या बोनेटवर बोटांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून हात फिरवला तर ते खरखरीतपणे जाणवतात. त्यांच्यासाठी मिळणारा लोहनाशक फवारा मारला की लोखंडाशी क्रिया होऊन जांभळे ओघळ वाहू लागतात. तो वाळू न देता धुवावा आणि त्याचा वास उग्र असल्याने उघड्यावरच वापरावा. त्यानंतरही जे राहते ते क्ले बार नावाच्या मळलेल्या मातीसारख्या वडीने, तिच्यासाठीचा निसरडा द्रव भरपूर वापरून उचलता येते. या वडीनेही हलके चरे पडू शकतात, म्हणून तिचा उपयोग वर्षातून एकदा, फार तर दोनदा.

राहता राहिले वरून चढवायचे थर, ज्यांच्या जाहिराती सर्वाधिक असतात. कार्नौबा मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. ते ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळते, दिसते फार सुरेख, पण सतत उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर काही आठवड्यांतच त्याचा जोर ओसरतो. कृत्रिम सीलंट त्याच्या दुप्पट-तिप्पट टिकतात आणि माझ्यासारख्याला तेच परवडतात. सिरॅमिक कोटिंग काही वर्षे टिकते, त्यावर माती कमी चिकटते, धुणे सोपे होते आणि विष्ठा किंवा चीक रंगापर्यंत पोहोचण्याआधी तुम्हाला थोडा अधिक वेळ मिळतो. ते दगडाचा फटका मात्र अडवत नाही. त्याच्या डबीवर ‘९एच’ असे लिहिलेले असते, ते शिसपेन्सिलीच्या कठीणपणावर आधारलेल्या मोजपट्टीवरचे माप आहे. खनिजांच्या पट्टीवरचे ९, म्हणजे माणकाएवढे काठिण्य, असा त्याचा अर्थ होत नाही. कोटिंग केलेल्या गाडीवर पाणी टपोऱ्या थेंबांनी उभे राहते आणि ते टिपले नाही तर क्षारांचे डाग तिथेही पडतात. कोटिंगखाली असलेले चरे त्याबरोबर बंदिस्त होतात, म्हणून ते चढवण्यापूर्वी पॉलिश करतात; त्यात किती थर जाणार आहे हे मालकाने जाडी मोजून घेऊनच ठरवावे. दगडांचे टवके खरोखर अडवते ती पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ती १५० ते २०० मायक्रॉन जाडीची असते, म्हणजे क्लिअर कोटच्या किमान तिप्पट, आणि ऊन लागले की तिच्यावरचे हलके चरे आपोआप भरून येतात. महाग आहे, म्हणून सबंध गाडीला लावण्याची ऐपत नसेल तर बोनेटच्या पुढच्या भागाला आणि पुढच्या बंपरला लावली तरी पुष्कळ झाले. तिलाही वय असते. फार जुनी होऊन तडकल्यावर ती काढणे अवघड जाते.

टवका उडालाच तर त्याकडे सौंदर्याचा प्रश्न म्हणून पाहू नये. खालचा पत्रा उघडा पडला की उघड्यावरच्या दवाने गंज धरतो आणि तो रंगाच्या खालून पसरत जातो, वरून फुगवटा दिसेपर्यंत तो बराच पुढे गेलेला असतो. गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा बोनेटखाली रंगाचा सांकेतिक क्रमांक लिहिलेला असतो. तो देऊन टचअपची छोटी बाटली मागवता येते आणि काडीच्या टोकाने एक थेंब टवक्यात भरता येतो. रंग तंतोतंत जुळला नाही तरी चालेल, पत्रा झाकला जाणे महत्त्वाचे. माझ्या गाडीच्या बोनेटवर असे अकरा थेंब आहेत.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीतील लेख हा वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांसाठी या विषयावरचा पहिला सल्ला असणार, म्हणून एक विनंती करतो. पॉलिश आणि कव्हर यांविषयी मतभेद असू शकतात आणि लेखकांनी माझ्या म्हणण्याचा प्रतिवाद केला तर तो वाचायला मला आवडेल. कोरड्या फडक्याविषयीचे वाक्य मात्र पुढच्या अंकात दुरुस्त करावे, आणि शक्य झाल्यास त्यासोबत दुपारच्या उन्हात टिपलेले एखाद्या जुन्या, रोज पुसलेल्या बोनेटचे छायाचित्र जवळून छापावे. आपल्याकडे ते नसेल तर माझी डिकी अजून त्या पाच वर्षांच्या चऱ्यांसकट शिल्लक आहे; टपासारखी ती रंगवून घेतलेली नाही. आपल्या छायाचित्रकाराने सकाळी अकरानंतर केव्हाही यावे, गाडी बाहेरच उभी असते.

आपला नम्र,
एक नियमित वाचक